रेडिएटरचा रंग त्याच जागी पुन्हा सुटतो: जुना रंग काढतानाच्या चुका आणि त्यांचे निवारण

समस्येचे स्वरूप साधारण असे असते. कारचा रेडिएटर उतरवून जुना रंग खरवडून काढला जातो, टाक्या चकचकीत दिसू लागल्या की नवा काळा रंग मारला जातो, आणि काही महिन्यांत नेमक्या त्याच जागी फुगे येऊन पोपडे सुटू लागतात. मग पुन्हा खरवडणे, पुन्हा रंगवणे, आणि पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला बहुतेक जण रंगालाच दोष देतात आणि इंजिनाच्या सायलेन्सरला लावतात तसला अतिउष्णतारोधक रंग आणतात. पहिल्या रेडिएटरच्या वेळी मीही तेच केले होते, आणि तो रंगही सुटला.

उष्णता हे याचे कारण नव्हे. बहुतेक गाड्यांमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ ते ९० अंश सेल्सिअसच्या सुमारास उघडतो, आणि इंजिनावर ताण असतानाही रेडिएटरचा पृष्ठभाग ११० अंशांच्या फार पलीकडे जात नाही. एवढे तापमान चांगला इनॅमल रंग सहज सोसतो. रंग सुटतो तो त्याच्याखाली राहून गेलेल्या गोष्टींमुळे, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक गोष्टी जुना रंग काढतानाच तेथे आलेल्या असतात. म्हणून रंगाचा डबा बदलण्याआधी रंग काढण्याची पद्धत तपासावी.

आधी पोपड्याची मागची बाजू पाहावी

सुटलेला रंग झाडून टाकण्याची घाई करू नये. एक मोठा पोपडा नखाने अलगद उचलून उलटा करावा आणि त्याची मागची बाजू व खालचा धातू, दोन्ही उजेडात पाहावेत. निदानाचा एवढा सोपा आणि खात्रीचा मार्ग दुसरा नाही.

पोपड्याच्या मागे काहीच चिकटलेले नसेल आणि खालचा धातू स्वच्छ, गुळगुळीत असेल, तर रंगाने धातूला धरलेच नव्हते. अशा वेळी धातूवर तेलकट थर राहिला असावा, किंवा रंग काढण्याच्या रसायनातील मेण राहिले असावे. ही मेणाची गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. बाजारात जेलच्या रूपात मिळणाऱ्या बऱ्याच पेंट रिमूव्हरमध्ये पॅराफिनचे मेण मुद्दाम मिसळलेले असते, कारण त्याची साय वर धरली की आतला द्रावक लवकर उडून जात नाही. जुना रंग निघून गेला तरी हे मेण धातूवर न दिसणाऱ्या थराच्या रूपात मागे उरते. नुसत्या पाण्याने धुतल्यास ते जात नाही.

पोपड्याच्या मागे जुन्याच रंगाचा थर निघून आला असेल, तर नव्या रंगाचे काम चोख झाले होते. त्याने ज्याला धरले तो खालचा थरच सैल होता. मागे हिरवट भुकटी दिसली तर तांबे किंवा पितळ कळकले आहे असे समजावे. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसते. वाळलेल्या कूलंटचे डागही पांढरे, हिरवे किंवा गुलाबी असू शकतात, पण ते बहुधा ओघळाच्या आकाराचे असतात आणि त्यांचा माग काढत वर गेले की गळतीची जागा सापडते. फुगा फोडल्यावर आत चिकट ओल निघाली तर शंकेला जागाच उरत नाही. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल पाण्यासारखे चटकन वाळत नाही, त्यामुळे बारीकशी झिरपही रंगाखाली कित्येक दिवस ओली राहून त्याला उचलत राहते.

जागासुद्धा बरेच सांगते. भरण्याच्या तोंडाभोवती रंग सुटत असेल तर टोपणाचे रबर आणि तोंडाची कड तपासावी. होज पाइप बसतो त्या नळीपाशी सुटत असेल तर क्लिप सैल असते किंवा नळीवर खड्डे पडलेले असतात. टाकी आणि जाळी (नळ्या व पाती यांचा मधला भाग) जेथे जोडल्या आहेत त्या रेषेवर रंग सुटत असेल तर सोल्डरचा सांधा झिरपतो आहे असे धरून चालावे. याच सांध्यावर आणखी एक कारण संभवते. डाग देताना, म्हणजे सांधा सोल्डरने जोडताना, वापरलेल्या फ्लक्समध्ये (सोल्डरने धातूला धरावे म्हणून लावायच्या रसायनात) बहुधा झिंक क्लोराइड असते, आणि त्याचा अंश राहिला तर तो हवेतील ओलावा ओढून घेतो व खालचा धातू खात राहतो. रेडिएटर नुकताच दुरुस्त करून आणला असेल आणि रंग फक्त दुरुस्तीच्या जागीच सुटत असेल, तर मला पहिला संशय फ्लक्सचा येतो. समोरच्या बाजूला खालच्या भागात ठिपक्याठिपक्यांनी रंग उडाला असेल तर मात्र ते रस्त्यावरच्या खड्यांचे काम असते आणि त्यासाठी सगळे खरवडण्याची गरज नसते.

धातू कोणता, हे ठरल्याशिवाय रसायन उघडू नये

सर्वांत महागात पडणारी चूक येथे होते. जुन्या रेडिएटरच्या टाक्या आणि नळ्या पितळेच्या असतात, पाती तांब्याची असतात, आणि सर्व सांधे शिसे व कथील यांच्या सोल्डरने जोडलेले असतात. नव्या गाड्यांमध्ये जाळी अॅल्युमिनियमची असते आणि तिच्यावर काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या टाक्या रबरी गॅस्केट घालून, धातूची कड दुमडून बसवलेल्या असतात. एका प्रकाराला मानवणारे रसायन दुसऱ्याचा नाश करू शकते.

ओळखण्यासाठी टाकीच्या मध्यभागी, सांध्यापासून दूर, चाकूच्या टोकाने बारीक ओरखडा काढावा. पिवळा धातू दिसला तर पितळ, पांढरा दिसला तर अॅल्युमिनियम. सांध्याजवळ ओरखडा काढू नये, कारण तेथे पितळेवर सोल्डरचा पांढरा मुलामा असतो आणि पाहणारा फसतो. लोहचुंबकाचा येथे उपयोग नाही. तो यांपैकी कशालाच चिकटत नाही, फक्त बाजूच्या पोलादी पट्ट्यांना चिकटतो. वजनही खूण देते, कारण तांबे अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते.

कॉस्टिक सोडा पितळी रेडिएटरवरचा जुना रंग उत्तम काढतो, पण अॅल्युमिनियमला तो अक्षरशः विरघळवतो. त्या क्रियेत उष्णता आणि हायड्रोजन वायू निर्माण होतो, आणि कागदासारखी पातळ पाती पाहता पाहता नाहीशी होतात. ओव्हन साफ करण्याच्या फवाऱ्यांतही बहुधा हाच क्षार असतो, म्हणून तेही अॅल्युमिनियमवर वापरू नयेत. पितळी रेडिएटरही कॉस्टिकमध्ये रात्रभर बुडवून ठेवणे बरे नव्हे. शिसे, कथील आणि पितळेतील जस्त हे तिन्ही तीव्र क्षारात हळूहळू झिजतात, त्यामुळे सोल्डरचे सांधे दुबळे होतात. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास सोडा, पाणी कोमट, आणि दर १० ते १५ मिनिटांनी पाहणी, हे प्रमाण मला पुरेसे वाटते. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. भांडे पोलादाचे किंवा जाड प्लॅस्टिकचे घ्यावे. जस्ताचा मुलामा असलेली बादली अथवा अॅल्युमिनियमचे पातेले चालत नाही.

पितळेला सर्वांत मोठा धोका अमोनियाचा आहे. ताण असलेल्या पितळेला अमोनिया लागला की त्यात सूक्ष्म भेगा पडतात, आणि दाबून आकार दिलेल्या टाकीत असा ताण असतोच. काही नव्या, बेंझिल अल्कोहोलवर आधारलेल्या रिमूव्हरमध्ये क्रिया वाढवण्यासाठी अमोनिया असतो, तर काहींत फॉर्मिक आम्ल असते. फॉर्मिक आम्ल नायलॉन विरघळवते. त्यामुळे प्लॅस्टिकच्या टाक्यांच्या रेडिएटरवर ते रसायन वापरणे म्हणजे टाकीच गमावणे. डब्यावरील घटकांची यादी वाचण्यात दोन मिनिटे जातात, ती द्यावीत.

मिथिलीन क्लोराइड असलेला रिमूव्हर सर्वांत वेगाने काम करतो, पण मी तो वापरत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खोलगट, बंद जागेत साचते, आणि शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. बंद खोलीत त्याने काम करताना माणसे दगावली आहेत. नेहमीचे नायट्राइलचे हातमोजे तो काही मिनिटांतच भेदतो, त्यामुळे हातमोजे घातल्याचे समाधानही खोटे ठरते. बेंझिल अल्कोहोलचा रिमूव्हर काही तास घेतो; ते तास द्यावेत.

हीट गन आणि वाळूचा मारा या दोन्ही गोष्टी पितळी रेडिएटरपासून दूर ठेवाव्यात. शिसे आणि कथील यांचे सोल्डर १८३ अंशांना मऊ होऊ लागते आणि हीट गनची हवा त्याहून कितीतरी तापलेली असते. रंग मऊ होण्याच्या नादात सांधा कधी सुटला ते कळतही नाही. वाळूच्या माऱ्याने पाती दुमडतात, नळ्यांची भिंत झिजते आणि जाळीत अडकलेले कण पुढे कित्येक महिने बाहेर पडत राहतात.

टाकी आणि जाळी ही दोन वेगळी कामे आहेत

अनेक खटपटींनंतर माझे ठाम मत असे झाले आहे की टाकीवरचा रंग धातू उघडा पडेपर्यंत काढावा, आणि जाळीवरचा रंग तसा काढण्याचा हट्ट मुळीच धरू नये. जाळीवर फक्त जो रंग सैल आहे तेवढाच काढावा. घट्ट बसलेला पातळ थर पात्यांवर राहिला तर काही बिघडत नाही, पण तो काढण्यासाठी आत सोडलेले रसायन, त्याचा चिखल आणि वाकलेली पाती यांमुळे निश्चित बिघडते.

काम सुरू करण्यापूर्वी सर्व तोंडे रबरी बुचांनी बंद करावीत. ऑटोमॅटिक गिअरच्या अनेक गाड्यांमध्ये रेडिएटरच्या टाकीतच गिअरचे तेल थंड करणारी नळी असते, तिची तोंडेही विसरू नयेत. काढून ठेवलेले कूलंट विषारी असते आणि प्राणी ते पितात, म्हणून ते झाकणाच्या डब्यात ठेवावे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्यात दाबाखालील वायू असतो. त्याला हात लावू नये.

त्यानंतर रेडिएटर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवावा. हे पाऊल अनेक जण गाळतात, कारण रसायन पुढे सगळे काढेलच असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तेल आणि धूळ यांचा जुना थर विरघळलेल्या रंगात मिसळतो आणि स्वच्छ भागावरही माखला जातो. पाण्याचा मारा हलका आणि पात्यांना समांतर असावा. प्रेशर वॉशर जवळ धरला की पाती आडवी होतात. हवा मारायची तर इंजिनाकडच्या बाजूने पुढच्या बाजूकडे, म्हणजे गाडी चालताना हवा जाते त्याच्या उलट, हातभर अंतरावरून आणि कमी दाबाने मारावी. कचरा ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो.

आता टाकीवर जेल लावावे, आणि येथे रेडिएटर कसा ठेवला आहे याला फार महत्त्व आहे. ज्या टाकीचा रंग काढायचा ती नेहमी खाली ठेवावी. वरच्या टाकीचे काम करताना रेडिएटर उलटा करावा, म्हणजे विरघळलेला रंग जमिनीकडे ओघळेल, जाळीत उतरणार नाही. पहिल्या रेडिएटरला मी टाकी वर ठेवूनच जेल लावले होते. मऊ झालेला रंग वरच्या तीन-चार ओळींच्या पात्यांत उतरला आणि तेथे पुन्हा घट्ट झाला. तो नंतर कशानेही पूर्ण निघाला नाही. चिकटपट्टी लावून जाळी झाकण्याचा भरवसा धरू नये, कारण पट्टीचा डिंकच रिमूव्हरने सुटतो.

जेल जाड थरात, एकाच दिशेने लावावे. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला तर वरची मेणाची साय मोडते आणि द्रावक उडून जातो. वर पातळ पॉलिथीन अंथरल्यास जेल अधिक काळ ओले राहते. रंग सुरकुतला की लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढावा; सांध्याच्या खोबणीत जुना दात घासण्याचा ब्रश पुरतो. पोलादी खरवडणी पितळेवर ओरखडे पाडते आणि मऊ सोल्डर उचलते. वायर ब्रश वापरायचाच असेल तर पितळी तारांचा, हाताने चालवायचा, आणि फक्त टाकीच्या सपाट भागावर. सांध्यापाशी कोरडे घासणे पूर्णपणे टाळावे, कारण सोल्डरमध्ये शिसे असते आणि फार जुन्या रंगातही असू शकते. वॉटर पेपर ओला करूनच घासावे, आणि ते पाणी पुसलेली फडकी वेगळी ठेवावीत.

जाळीसाठी मऊ ब्रश आणि साबणाचे पाणी, एवढेच. ब्रश पात्यांच्या दिशेने फिरवावा, आडवा कधीही नाही. वाकलेली पाती फिन-कोंबने (पाती विंचरण्याच्या फणीने) किंवा बोथट टोकाने एकेक करून सरळ करावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण रेडिएटरच्या थंडाव्यात खरी भर यानेच पडते.

अॅल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर माझा सल्ला आणखी आखडता आहे. त्याला कारखान्यात रंगाची गरज बहुधा वाटलेली नसते, आणि नायलॉनच्या टाकीवर रंग नीट बसतही नाही. तो कोणीतरी नंतर मारलेला असेल आणि सुटत असेल, तर सैल भाग साबणाच्या पाण्याने काढून रेडिएटर तसाच बसवावा.

रंग निघाल्यावरची स्वच्छता

त्याच जागी रंग सुटण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथे सुटतो. कॉस्टिक वापरले असेल तर भरपूर पाण्याने धुऊन, नंतर व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने पुसून, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावे. क्षाराचा अंश राहिला तर इनॅमल रंगातील तेलाशी त्याची क्रिया होऊन साबण तयार होतो आणि रंग आतून सुटतो. जेल वापरले असेल तर आधी साबणाचे पाणी आणि मग मेण काढणारा द्रावक लागतो. द्रावक लावण्याची रीत महत्त्वाची आहे: एक फडके ओले, एक कोरडे, आणि ओल्या फडक्यामागोमाग, द्रावक उडण्यापूर्वीच, कोरडे फिरवायचे. नुसते ओले फडके फिरवल्यास मेण विरघळते, पसरते आणि द्रावक उडाल्यावर तेथेच बसते. फडक्याची घडी वारंवार बदलावी.

हिरवा कळंक असेल तर सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण आणि नायलॉनची घासणी यांनी तो निघतो. डाग दिलेल्या जागी फ्लक्स राहिल्याचा संशय असेल तर तेथेही सौम्य आम्लाच्या पाण्याने पुसून मग पुष्कळ साध्या पाण्याने धुवावे, कारण झिंक क्लोराइडचे मुरलेले अवशेष साध्या पाण्यात पूर्ण विरघळत नाहीत.

स्वच्छता झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. टाकीवर स्वच्छ पाणी ओतावे. ते सलग पडद्यासारखे पसरून राहिले तर धातू स्वच्छ आहे; कोठे थेंब धरले किंवा पडदा फाटला, तर नेमक्या त्या जागी तेल अथवा मेण आहे. तीन वेळा पुसूनही माझ्या एका टाकीच्या कोपऱ्यात पाणी फाटत राहिले होते, आणि पूर्वी रंग सुटायचा तो कोपरा तोच होता. होज चकचकीत करण्याचे सिलिकॉनचे फवारे जवळपास वापरले गेले असतील तर हा दोष हटकून दिसतो.

यानंतर गळतीची तपासणी करावी, ती रंग काढण्याआधी नव्हे. जुन्या रंगाचा जाड थर कधी कधी सुईएवढे छिद्र झाकून ठेवतो आणि ते आता उघडे पडते. सर्व तोंडे बंद करून टोपणावर लिहिलेल्या दाबाएवढीच हवा, बहुधा १ बारच्या आसपास, आत भरावी आणि रेडिएटर पाण्यात धरून बुडबुडे पाहावेत. गळती सापडली तर आधी ती दुरुस्त करावी. रंगाने ती थांबत नाही.

मग वाळवणे. बाहेरून रेडिएटर अर्ध्या तासात वाळलेला दिसतो, पण नळी आणि पाते यांच्या सांध्यात पाणी बराच काळ दडून राहते. पंख्यासमोर किंवा उन्हात दिवसभर ठेवावा. त्यानंतर उघड्या हाताने टाकीला स्पर्श करू नये आणि रंग त्याच दिवशी मारावा.

टाकीवर पितळेला धरणारा एच प्रायमर (आम्लाने धातूला किंचित कोरून पकड घेणारा खालचा थर) एक पातळ हात, आणि वर रंगाचे दोन पातळ हात. जाळीवर प्रायमर नको. रेडिएटरसाठीचा पातळ रंग दोन्ही बाजूंनी तिरका फवारावा, नुसते धुके बसेल इतकाच. रंगाने उष्णता अडते ही भीती अर्धवट खरी आहे. २५ मायक्रॉनचा थर पात्याकडून हवेकडे जाणाऱ्या उष्णतेला जेमतेम एक-दोन टक्के अडवतो, आणि रंग काळा की चंदेरी याने फारसा फरक पडत नाही, कारण रेडिएटर मुख्यतः वाहत्या हवेला उष्णता देऊन थंड होतो. पण इंचाला १२ पाती असतील तर दोन पात्यांमध्ये सुमारे २ मिलिमीटरच जागा असते. दोन्ही बाजूंना दशांश मिलिमीटर रंग साचला तरी त्या वाटेचा दहावा हिस्सा गेला. फवारल्यावर मागे दिवा धरून पाहावे. उजेड सर्वत्र सारखा आला पाहिजे.

डब्यावर दिलेला सुकण्याचा अवधी पूर्ण होईपर्यंत रेडिएटर गाडीत बसवू नये, आणि कूलंट भरताना सांडलेले थेंब लगेच पाण्याने धुऊन टाकावेत. बसवण्यापूर्वी टोपणाचे रबर आणि होजच्या क्लिपा नव्या घालाव्यात. पहिल्या आठवड्यात इंजिन थंड असताना दोनतीनदा सांध्याच्या रेषेवरून आणि तोंडाच्या कडेवरून कोरडा पांढरा कागद फिरवून पाहावा. कागद ओला किंवा रंगीत झाला तर फुगा येण्याची वाट न पाहता तेवढीच जागा उघडावी आणि झिरप शोधावी.